पिल्लांचा बल्ब

"येवढ्या शेकात अंडं ठेवलं आसतं, तर आतापतूर पिल्लू भाईर आलं आसतं."

मोठी आई शेडच्या आत बोलत होती. मी बाहेर टाकीपाशी बादली भरत होते. जाळीला गोणपाट लावलेलं असल्यामुळे तिला मी दिसत नव्हते. तिच्याबरोबर तूस पसरायला आलेली बाई खुदकन हसली. मग आबांचा आवाज आला. आबा म्हणजे माझे थोरले काका, मोठी आई ही त्यांची बायको.

"हासू नका गं," ते म्हणाले. "पिल्लं उतरायच्या आत हात बरा झाला म्हंजी झालं. आयत्या वेळी मानूस कुठनं आनायचं?"

बोलणं माझ्या आईच्या उजव्या हाताचं चाललं होतं. मी नळ बंद केला आणि अर्धीच बादली घेऊन मागच्या दाराने स्वयंपाकघरात आले. आई डाव्या हाताने आमटी ढवळत होती. उजवा हात तिने पोटाशी धरला होता, दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घ्यावी तसा.

"काय म्हनत्यात?" तिने विचारलं.

"काही नाही. तूस पसरतायत."

घरात मी सगळ्यांत जास्त वेळा काय म्हणत असेन, तर 'काही नाही'. जुन्नरच्या इंग्रजी शाळेत मराठीत बोललं की बाकावर उभं करायचे, आणि घरी चुकून इंग्रजी शब्द तोंडातून गेला की सगळी ओसरी हसायची. आबा तर मला मॅडमच म्हणत. दोन्हीकडे गप्प बसणं सोयीचं होतं, आणि कॉलेजात जाईपर्यंत ती सवय माझ्या अंगाला इतकी बसली होती की लोक तिला माझा स्वभाव म्हणू लागले.

जुन्नर तालुक्यातल्या डिंगोऱ्यात आमचं घर रस्त्यापासून जरा आत होतं. दोन्ही भाऊ एकत्र राहत. शेतात कांदा आणि थोडा टोमॅटो, आणि घरामागे कोंबड्यांचं शेड. कंपनी एका दिवसाची पिल्लं पाठवायची, खाद्य पाठवायची, आणि कोंबड्या वाढल्या की गाडी लावून उचलून न्यायची. पप्पा भाजीचा टेम्पो चालवायचे, त्यामुळे बहुतेक वेळ बाहेर. घरी असले तरी आबांपुढे ते फारसं बोलत नसत. शेडचं सगळं आई आणि मोठी आई बघायच्या. खाद्याची पोती ओढताना एकदा आईच्या खांद्यात कळ गेली. दुखतंय म्हणून तिने हात हलवायचा कमी केला, हलवायचा कमी केला म्हणून तो आणखी आखडला, आणि दिवाळीनंतर एका सकाळी तिला चोळीची बाही चढवता येईना.

पेठेला, तिच्या माहेरी, एका माणसाने तेल लावून खांदा रगडला. दोन दिवस ती नुसती कण्हत होती. शेवटी पप्पांनी जुन्नरच्या डॉक्टरना दाखवलं आणि त्यांनी व्यायाम-शेकवाल्या बाईंकडे पाठवलं.

जुन्या बाजारातल्या एका बोळात, औषधांच्या दुकानाच्या माडीवर त्यांची खोली होती. एक पलंग, भिंतीला एक कप्पी आणि दोरी, आणि कोपऱ्यात चाकांच्या स्टँडवर शेकाचा दिवा. पहिल्या दिवशी त्यांनी पडदा ओढला, आईला खांदा उघडा करून बसवलं आणि डोळ्यांवर घडी घातलेला रुमाल ठेवला. दिवा लागला तशी खोली लालभडक झाली. भिंतीवरचं देवाचं कॅलेंडर, आईच्या गळ्यातली पोत, माझे हात, सगळं एका रंगाचं.

"ऊब लागली पाहिजे, चटका नको," बाई आईला म्हणाल्या. "चटका वाटला तर लगेच सांगायचं. सोसत बसायचं नाही."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, हा लाल रंग दिसतो तो त्यातला थोडासा भाग. खरी ऊब ज्या किरणांत असते ते डोळ्यांना दिसतच नाहीत. ते चामडीखाली उतरतात आणि आवळलेलं सैल करतात. मी इंग्रजी शाळेत शिकले आहे हे कळल्यावर त्या माझ्याशी इंग्रजीतच बोलू लागल्या, आईच्या डोक्यावरून. आई रुमालाखालून ऐकत असायची आणि बाई आत गेल्या की विचारायची, "काय म्हनल्या?"

मी त्यातलं निम्मं सांगायचे.

शेकानंतर व्यायाम असे. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं कोळ्यासारखी चालवत हात वर न्यायचा. जिथे थांबेल तिथे बाई पेन्सिलीने बारीक रेघ मारायच्या. आईच्या डोळ्यांतून पाणी यायचं, पण ती आवाज करायची नाही. पहिली रेघ तिच्या छातीच्या उंचीवर होती. हळूहळू रेघा हनुवटीपर्यंत आल्या.

आई तिथे झोपायची हे माझ्या सगळ्यांत आधी लक्षात आलं. दिवा लागला, रुमाल डोळ्यांवर आला की तिचा श्वास बदलायचा आणि मान जराशी कलायची. दिवसाउजेडी झोपलेली आई मी त्याआधी पाहिलीच नव्हती. त्या लाल उजेडात तिचा चेहरा तरुण दिसायचा आणि मला ते बघवायचं नाही. मी खिडकीतून खाली बोळाकडे बघत बसायचे. परतीच्या एसटीत ती पेठेच्या शाळेतलं काहीतरी सांगायची, तिच्या मैत्रिणींचं, एका मारकुट्या बाईंचं. गाव जवळ आलं की पदर डोक्यावर नीट करायची आणि गप्प व्हायची. तो पदरही ती डाव्या हाताने, उलट्या बाजूने ओढायची.

पदराचं सांगायला हवं. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. आबा ओसरीवर आले की आई पदर पुढे ओढून दाराआड व्हायची. त्यांना तिला काही सांगायचं असलं की ते मला हाक मारायचे. "मॅडम, आईला सांगा, पान्याची टाकी धुवायची हाय." आई दाराच्या पलीकडेच असायची, तिने शब्दन् शब्द ऐकलेला असायचा. तरी मी आत जाऊन तेच पुन्हा सांगायचं आणि तिचं उत्तर बाहेर आणायचं. उत्तर नेहमी 'हो' असायचं. ते आणणं मला कधी जड गेलं नाही.

एका बाजाराच्या दिवशी आबांचं तालुक्याला काम होतं. काम उरकून ते माडीवर आले. पडद्यातून लाल उजेड बाहेर येत होता.

"आयला, हे काय?" ते बाकावर बसता बसता म्हणाले.

शेक संपला. बाईंनी दिवा बाहेर ओढला आणि स्वच्छ करायला घेतला. आबा उठून जवळ गेले, वाकून बघितलं, आणि त्यांचं तोंड एकदम खुललं.

"आवो ताई, ह्यो तर आमच्या पिल्लांचा बल्ब! शेम टू शेम. आमच्याकडं शेडमधी टांगल्यात की!"

बाई हसल्या. बल्ब त्याच जातीचा असू शकतो, म्हणाल्या, पण इथे अंतर बघावं लागतं, वेळ बघावी लागते, आणि मुळात शेक हे अर्धं कामसुद्धा नाही. शेकाने खांदा फक्त सैल होतो, तो वर नेण्याचं काम व्यायामाचं. आबा "व्हय, व्हय" म्हणत मान हलवत होते आणि नजर बल्बवरच होती.

"अंतराचं आमाला शिकवू नका, ताई," ते म्हणाले. "पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर बल्ब खाली घ्यायचा, लांब पळाली तर वर. आमची हयात त्यात गेली."

आई पडद्याआड होती. विटकरी रंगाच्या त्या पडद्याखालून तिची पावलं दिसत होती. ती चप्पल शोधत होती, मग शोधायची थांबली.

जिना उतरण्याआधी बाईंनी मला थांबवलं आणि हळू आवाजात इंग्रजीत सांगितलं की आत्ता सोडलं तर हात असाच बसेल, नंतर सुटायला फार वेळ लागेल, कदाचित पूर्ण सुटणारही नाही. खाली उतरल्यावर आईने विचारलं, "काय म्हनल्या?" आबा समोर मोटारसायकलला किक मारत होते. मी म्हणाले, "यायला पाहिजे म्हणाल्या."

"आता कुठलं," आई म्हणाली.

आबांना वाईट म्हणावं असं मला तेव्हाही वाटलं नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी शेडमधला एक बल्ब काढला, नवीन वायर जोडली, स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत वाशाला टांगला, खालीवर करायला दोरी बांधली. दोनदा स्टुलावर चढून गाठ तपासली. मला म्हणाले, "आईला सांगा, आता यष्टीचे धक्के खायला नको. घरच्या घरी दवाखाना." शेड तेव्हा रिकामं होतं. पुढची बॅच उतरेपर्यंत बल्बचं तिथे काही काम नव्हतं.

मी आत जाऊन सांगितलं. आई म्हणाली, "बरं झालं म्हनावं."

तर असा तो दवाखाना सुरू झाला. आई बल्बखाली पाटावर बसायची, मांडीवर लसूण नाहीतर निवडायची मेथी. रुमाल नव्हता, झोप तर नव्हतीच. मधेच लाइट जायची आणि ती अंधारात तशीच बसून राहायची, आता येईल म्हणून. बाहेरून हाका यायच्या. "झालं का गं?" "आगं, गवळी आलाय." बल्बच्या उजेडात लसणाच्या पाकळ्या माणकांसारख्या दिसायच्या, सोलून झाल्यावरही.

व्यायामासाठी तिने मागच्या भिंतीची जागा निवडली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोठी आई पाणी न्यायला आली आणि दारातच थबकली.

"काय गं, पाली हाकलती का?"

आई हसली. मोठी आईही हसली. तिच्या मनात काही नव्हतं, तिला खरोखरच गंमत वाटली होती. पण दुसऱ्या दिवसापासून आई भिंतीसमोर उभी राहिली नाही. कुणाच्या दृष्टीने त्यात बिघडलंही नाही. घरात सगळ्यांची खात्री होती की औषध म्हणजे तो दिवा. पिल्लांना ऊब दिली की ती आपोआप वाढतात, तसा खांदाही ऊब मिळाली की आपोआप सुटेल. आबा रोज विचारायचे, "शेक घेतला का विचारा आईला." हात किती वर गेला, हे कुणी विचारलं नाही.

हात किती वर जातो ते मला माहीत होतं, कारण रोज सकाळी आईचे केस मी विंचरायचे.

जुन्नरला जात होतो तेव्हाही मीच विंचरायचे, पण तेव्हा ती म्हणायची, अजून थोडे दिवस, मग माझा मी अंबाडा घालीन. आता तसं म्हणायची थांबली. सगळे उठायच्या आत ती आतल्या खोलीत माझ्यासमोर पाठ करून बसायची. केस दाट होते, मधे मधे पांढरे. मी गुंतडा काढायचे, पीळ घालायचे, आकडे लावायचे. ती लगेच वर पदर घ्यायची. पदराखाली अंबाडा कुणी घातला हे कुणाला दिसणार? बाकी सगळं ती डाव्या हाताने उरकायची, भाकरीसुद्धा. भाकऱ्या एका बाजूला जाड व्हायच्या. आबा त्या मुकाट खायचे, आणि मोठी आई म्हणायची, "आज भाकरीला पोट आलंय."

"आबांना सांगू का?" मी एकदा विचारलं होतं. आकडे माझ्या दातांत होते, त्यामुळे विचारणं सोपं गेलं.

"काय सांगशील?"

"की जात नाही वर. परत जुन्नरला जाऊ म्हणून."

"नगं. त्यांनी एवढं वायर-बियर आनून बांधून दिलं. म्हनतील, हिला घरचं गोड लागत न्हाई." मग डाव्या हाताने एक आकडा मागे देत, "आन् खोटं वाटंल त्यांना. हात तर दिसायला चांगलाच हाय."

ते खरं होतं. हाताला सूज नव्हती, जखम नव्हती. तो फक्त एका उंचीनंतर थांबायचा.

पिल्लं उतरायचा दिवस ठरला तशी आई घाई करू लागली. ही घाई मला आधी कळली नाही. बल्बची दोरी रोज थोडी सैल होत होती. पिल्लांना पटकन ऊब यावी म्हणून शेडमध्ये बल्ब खाली घेतात, ते तिने किती वेळा केलं होतं. तिचा हिशेब साधा होता. बल्ब खाली आला तर तेवढाच शेक थोडक्यात होईल, आणि जे उरलंय ते पिल्लं यायच्या आत भरून निघेल. पिल्लू तापलं की लांब पळतं. आई पळाली नाही. सोसत बसायचं नाही, असं बाई म्हणाल्या होत्या; ते वाक्य तिने पहिल्याच दिवशी ऐकलं होतं, आणि तेव्हा ती नुसती हसली होती.

एका सकाळी केसांवरून हात फिरवताना माझं कोपर तिच्या खांद्याला लागलं आणि ती दचकली. मी चोळीची बाही सरकवली. खांद्यावर तळहाताएवढा भाग लाल होता आणि त्यात पाण्याने भरलेले फोड.

"आई!"

"हळू. उठतील सगळी."

मी कपाटातलं भाजल्याचं मलम आणलं. लावताना ती स्वस्थ बसली होती, जुन्नरच्या त्या पलंगावर बसायची तशी. खिडकीबाहेर थंडीचं पांढरं धुकं होतं, शेडचं छप्पर त्यात बुडालं होतं.

"आज शेक घेऊ नको," मी म्हणाले.

"आज कुठला शेक. आज बल्ब काढनार."

आज इतक्या वर्षांनंतरही ती वरच्या फळीवरचा डबा डाव्या हाताने काढते. नवीन माणसाला वाटतं ती डावरी आहे.

पिल्लांची गाडी दुपारी आली. खोक्यांतून तो बारीक, न थांबणारा किलकिलाट आधी ऐकू आला, मग गाडी दिसली. कंपनीचा सुपरवायझर मोटारसायकलवर मागून आला. आबांनी मागच्या खोलीत येऊन स्टूल लावलं, बल्ब सोडवला, वायर गुंडाळून हातात घेतली. वाशाला फक्त दोरी राहिली. शेडमध्ये पत्र्याच्या गोल कड्यांत तुसावर कागद अंथरले होते, वर बल्ब लागले, आणि पिवळे गोळे एकमेकांना ढकलत त्या लाल उजेडाखाली पसरले. ना फार गोळा झाली, ना लांब पळाली. आबांनी बल्बची उंची एका नजरेत बरोबर साधली होती.

खोकी उतरवून झाल्यावर सगळे ओसरीवर चहाला बसले. पप्पाही त्या दिवशी घरी होते. खांबाला टेकून ते बशीत चहा ओतत होते. आई दाराआड उभी होती. कपांचा ट्रे मी बाहेर नेला होता, कारण तिला तो दोन्ही हातांनी उचलता आला नसता.

"भाऊ, रात्रपाळीला मानसं हायेत ना?" सुपरवायझरने विचारलं. "थंडी लई हाय यंदा. सुरवातीला खाद्यपानी येळच्या येळी लागंल. मागच्या टायमासारखी मर नको."

"घरचीच मानसं हायेत की, राव," आबा म्हणाले. "धाकट्याची मालकीन हाय, आमची मंडळी हाय. जरा हाताला लागलं व्हतं, पन आता बरंय. घरच्या घरी शेक दिला तिला. ह्योच बल्ब!"

सुपरवायझर हसला. "म्हंजी पिल्लांवानी वैनीची पन ब्रूडिंग झाली म्हना."

मोठी आईही हसली. पप्पा बशीकडे बघत राहिले.

"काय मॅडम," आबा माझ्याकडे वळले, "आईला इचारा, हात झाला ना बरा? आजपासून खाद्याला लावू ना?"

मी नेहमीप्रमाणे दारापाशी गेले. आई पदर धरून उभी होती, डाव्या हाताने. पोती ओढायची होती, पाण्याचे ड्रिंकर वर टांगायचे होते, पुढचे कितीतरी आठवडे. फोडावर चोळी चिकटली होती, ते कापडाच्या ओल्या डागावरून मला दिसलं. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. हो सांग.

ते उत्तर घेऊन मी बाहेर आले. चार पावलांचं अंतर. ओसरीवर सगळे माझ्याकडे बघत होते, परका माणूसही. माझ्या कानात शेडमधला किलकिलाट घुमत होता, आणि माझे हात, केसांच्या तेलाचा वास असलेले, मी ओढणीत लपवले होते.

"काय म्हनती?" आबांनी विचारलं.

"ती हो म्हणते," मी म्हणाले. "पण आबा, तिचा हात डोक्यापर्यंतसुद्धा जात नाही. तिचा अंबाडा रोज मी घालते."